खाजकुइली, सर्पगंधा आणि कंपवात

पावसाळा सरला की कोकणातल्या कुंपणांवर आणि सह्याद्रीच्या उतारांवर खाजकुइलीच्या शेंगा भरायला लागतात. दोन्ही टोकांना उलटसुलट वळलेली शेंग, आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी मखमली लव. ती लव अंगाला लागली की काय होतं, हे गावाकडच्या कुणालाही सांगावं लागत नाही. कुणी हिला कुहिली म्हणतं, कुणी खाजकुयरी. वैद्यांच्या लेखी ती कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता, आणि काष्ठौषधींच्या दुकानात तिच्या बिया कवचबीज या नावाने मिळतात. खाज सुटते ती लवेतल्या प्रथिनं तोडणाऱ्या एका विकरामुळे. पण वैद्यकाच्या दृष्टीने मोलाचं ते शेंगेच्या आत आहे. या बियांत वजनाच्या साधारण चार ते सहा टक्के लेव्होडोपा असतं, आणि कंपवातावर, म्हणजे पार्किन्सन्सवर, आजही सगळ्यांत परिणामकारक औषध कोणतं असं विचारलं तर उत्तर लेव्होडोपा हेच आहे.

हळदीने अल्झायमर टळतो, ब्राह्मीने स्मृती शाबूत राहते, ग्रीन टी मेंदूच्या पेशी वाचवतो, असं सांगणारे संदेश आपल्या सगळ्यांच्या फोनवर येतात. घरात कुणाला असा आजार झाला की हे संदेश दुप्पट वेगाने यायला लागतात, आणि पाठवणाऱ्याची माया खरी असते. म्हणूनच या विषयाकडे नीट बघायला हवं. वनस्पतींनी मेंदूच्या वैद्यकाला दिलेलं देणं फार मोठं आहे, पण आपण समजतो ते ते नाही. त्यांनी आजाराची लक्षणं कमी करणारी द्रव्यं दिली आणि मेंदू कसा चालतो हे उलगडून दाखवलं. पेशींचा नाश थांबवणारं काही मात्र अजून त्यांच्याकडून मिळालेलं नाही. खाजकुइलीच्या गोष्टीत या दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात.

1913 मध्ये बाझलच्या रोश कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्यापासून लेव्होडोपा वेगळं काढलं. त्याचा परिणाम पाहावा म्हणून त्यांनी स्वतः अडीच ग्रॅम गिळलं आणि त्यांना जोराची ओकारी झाली. त्यापलीकडे त्याचा काही उपयोग कुणाला सुचला नाही. 1937 मध्ये मद्रास विद्यापीठाच्या जीवरसायन प्रयोगशाळेत दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच द्रव्य खाजकुइलीच्या बियांतून वेगळं केलं. त्यांचा शोधनिबंध छापून आला आणि दोन दशकं तसाच राहिला. औषध हाताशी होतं, पण ते कशाचं औषध आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कंपवातात मेंदूत नेमकं काय कमी पडतं हेच ठाऊक नव्हतं. जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरांनी 1817 मध्ये सहा माणसांचं निरीक्षण करून या आजाराचं वर्णन केलं होतं. त्याला तोवर सव्वाशे वर्षं होत आली होती.

ही कोंडी फोडली दुसऱ्याच एका झाडाने. सर्पगंधेचं मूळ वेडावर आणि निद्रानाशावर द्यायची पद्धत भारतात जुनी आहे. 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा रक्तदाबावर आणि उन्मादावर होणारा परिणाम लिहून ठेवला. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील रक्तदाबाच्या रुग्णांना ती काळजीपूर्वक देत होते. त्यांचा 1949 सालचा लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये आला आणि सर्पगंधा जगभर पोचली. पुढे 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. दरम्यान 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. तेच रेसर्पिन.

रेसर्पिनने रक्तदाब उतरत होता, पण काही रुग्ण वेगळेच दिसायला लागले. हालचाली मंदावल्या, चेहरे निर्विकार झाले, हात थरथरू लागले. हा तर कंपवाताचाच नमुना होता, फक्त गोळीने आणलेला. स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनी हा धागा पकडला. त्यांनी सशांना रेसर्पिन दिलं. ससे कान पाडून निपचित बसले. रेसर्पिनमुळे चेतापेशींमधला रासायनिक संदेशवाहकांचा साठा रिकामा होतो, हे तोवर कळलं होतं. प्रश्न होता की नेमका कोणता संदेशवाहक आटल्यामुळे ससा थिजतो. कार्लसन यांनी त्यांना डोपा टोचलं आणि थोड्याच वेळात ससे उठून हिंडू लागले. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून पुढे हे सिद्ध होत गेलं की डोपामाइन हा मेंदूतला स्वतंत्र संदेशवाहक आहे आणि हालचाल त्याच्यावर चालते. कार्लसन यांना त्यासाठी 2000 साली नोबेल मिळालं.

पुढचं भराभर घडलं. 1960 मध्ये व्हिएन्नात एरिंगर आणि होर्निकीविच यांनी कंपवाताने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले, तेव्हा त्यांत डोपामाइन फार कमी आढळलं. पुढच्याच वर्षी बिर्कमायर यांनी होर्निकीविच यांच्यासोबत रुग्णांना लेव्होडोपाची इंजेक्शनं दिली. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तास उठून चालू लागली. 1967 मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियस यांनी तोंडावाटे, हळूहळू वाढवत, मोठ्या मात्रा द्यायची पद्धत बसवली आणि उपचार रोजच्या वापरात आला. गुगेनहाइम यांच्या ओकारीचं कारणही आता लक्षात आलं. लेव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच आतडी आणि रक्तात त्याचं डोपामाइन होत होतं, आणि तेच मळमळ आणत होतं. म्हणून आजच्या गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतं, जे हे रूपांतर मेंदूबाहेर थोपवतं.

मुळात डोपामाइन न देता डोपा का द्यायचं? रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं याचे नियम कडक आहेत आणि डोपामाइनला तिथे प्रवेश नाही. लेव्होडोपा मात्र अमिनो आम्ल आहे, म्हणजे प्रथिनांच्या घटकांच्या घराण्यातलं. त्या घराण्याची ने-आण करणारी वाहक प्रथिनं त्याला आपलंच समजून आत नेतात. डाळ, अंडी, मटण असं प्रथिनांनी भरलेलं जेवण झाल्यावर घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही, असा अनुभव कंपवाताच्या अनेक रुग्णांना येतो. त्याचं कारण हेच. जेवणातली अमिनो आम्लं त्याच वाटेने जायला बघतात आणि गर्दी होते. बियांच्या चूर्णालाही हा नियम चुकत नाही.

आता पुन्हा खाजकुइलीकडे. गोळी मिळाल्यावर बियांची गरज संपली असं वाटेल, पण भारतात काहींना उलट वाटलं. मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रुग्णांना बियांचं चूर्ण देऊन पाहिलं आणि 1978 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे झंडू कंपनीने तयार केलेल्या चूर्णावर एकाहून अधिक केंद्रांत बारा आठवड्यांची चाचणी झाली. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 60 रुग्ण होते आणि त्यांची लक्षणं कमी झालेली दिसली. पण तीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तिच्यावरून मर्यादितच म्हणता येतं. 2000 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यात आयुर्वेदिक पद्धतीने दुधात दिलेल्या काढ्याचं रासायनिक विश्लेषण झालं. खाजकुइली, खुरासानी ओव्याच्या जातीची एक वनस्पती, अश्वगंधा आणि बला यांच्या त्या मिश्रणाच्या एका मात्रेत सुमारे 200 मिलिग्रॅम लेव्होडोपा भरलं. खुरासानी ओव्याच्या कुळातलीच अल्कलॉइडं एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्या रुग्णालयात कंपवातावर वापरली जात होती. वैद्यांनी अनुभवाने बांधलेल्या त्या योगात, पाश्चात्त्य वैद्यकाला शंभर वर्षांच्या अंतराने मिळालेली दोन औषधं एकत्र होती. या गोष्टीचा अभिमान वाटायला हरकत नाही. तिचं विश्लेषण झालं म्हणून ती आपल्याला कळली, हेही तितकंच खरं.

सगळ्यांत काटेकोर प्रयोग लंडनमध्ये झाला. तिथल्या राष्ट्रीय मज्जारोग रुग्णालयात आठ रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी चूर्ण आणि नेहमीचं औषध देण्यात आलं. त्या दिवशी काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. 2004 च्या या निबंधानुसार 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम साधारण 35 मिनिटांत दिसला. गोळीला 68 मिनिटं लागली. चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा अर्ध्या तासाहून थोडा अधिक काळ टिकला, आणि अंग वेडंवाकडं हलण्याचा त्रास वाढला नाही. बियांत आणखी काही पूरक द्रव्यं असावीत, अशी शक्यता यातून पुढे येते. आठ माणसांवरून निकाल लागत नाही, पण प्रश्न योग्य विचारला गेला होता.

बोलिव्हियातल्या अभ्यासांचा हेतू याहून वेगळा होता. जगातल्या अनेक गरीब भागांत कंपवाताच्या रुग्णाला जन्मभर गोळ्या परवडत नाहीत. खाजकुइली मात्र उष्ण कटिबंधात कुठेही उगवते. 2017 मध्ये 18 रुग्णांवर भाजलेल्या बियांच्या चूर्णाची एकेका मात्रेची चाचणी झाली आणि ते गोळीच्या तोडीचं ठरलं. मग 14 रुग्णांना 16 आठवड्यांच्या अभ्यासात रोज चूर्ण देऊन पाहिलं. त्यातल्या निम्म्यांनी, पोटाच्या त्रासामुळे किंवा हालचाली बिघडल्यामुळे, ते मध्येच सोडलं. रोजचं चूर्ण घेणं किती अवघड आहे ते या आकड्यातून कळतं. गोळीतल्या कार्बिडोपाची जागा बियांत कुणी घेत नाही, त्यामुळे मळमळ पुन्हा दारात येते.

इथवर जे सांगितलं ते सगळं लक्षणांबद्दल होतं. मेंदूच्या मुळाशी असलेल्या एका काळसर भागातल्या पेशी डोपामाइन बनवतात. कंपवातात त्या मरत जातात आणि हाताचा पहिला कंप दिसेपर्यंत त्यांतला मोठा हिस्सा गेलेला असतो. लेव्होडोपा उरलेल्या पेशींना कच्चा माल पुरवतं. गळक्या पिंपात पाणी ओतत राहावं तसं हे आहे. पातळी राहते, पण गळती बुजत नाही. खाजकुइलीचा अर्क दिलेल्या उंदरांच्या चेतापेशी वाचल्या असे निबंध आहेत, आणि त्यांच्या आधारावर 'मेंदूचं संरक्षण करणारी वनस्पती' अशा जाहिराती होतात. पण याच लेव्होडोपाने प्रयोगशाळेच्या काचपात्रात वाढवलेल्या चेतापेशी मरतात, असंही कित्येक प्रयोगांत दिसलं होतं. त्या भीतीने 1990 च्या दशकात अनेक डॉक्टर हे औषध शक्य तितकं उशिरा सुरू करत. काचपात्रातल्या प्रयोगांनी एकाच द्रव्याला एकदा तारक ठरवलं आणि एकदा मारक.

मग माणसांना विचारायचं कसं? लेव्होडोपाने लक्षणं झाकली जातात, त्यामुळे रुग्ण बरा दिसतोय याचा अर्थ पेशी वाचल्या असा होत नाही. यावर संशोधकांनी एक युक्ती काढली. नेदरलँड्समध्ये 445 नव्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला 80 आठवडे लेव्होडोपा आणि कार्बिडोपा दिलं. दुसऱ्याला पहिले 40 आठवडे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी आणि पुढचे 40 आठवडे खरं औषध. लेव्होडोपा पेशी वाचवत असेल तर आधी सुरू केलेला गट शेवटी पुढे असायला हवा. पेशी मारत असेल तर मागे. 2019 मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गट सारखेच होते. लेव्होडोपाने आजार वाढला नाही आणि थांबलाही नाही. रुग्णांसाठी ही चांगली बातमी आहे, कारण त्रास असताना औषध घ्यायला घाबरण्याचं कारण उरलं नाही. संरक्षणाचा दावा मात्र या कसोटीला उतरला नाही.

इतर नामवंत वनस्पतींची अवस्था फारशी वेगळी नाही. जिंको या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क स्मृतिभ्रंश टाळतो, असं मानून युरोप-अमेरिकेत तो प्रचंड खपतो. 2008 मध्ये संपलेल्या चाचणीत 75 वर्षं आणि त्यापुढच्या 3069 माणसांना सरासरी सहा वर्षं तो अर्क किंवा निष्क्रिय गोळी दिली गेली. स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी झालं नाही. सिगरेट ओढणाऱ्यांत कंपवात कमी दिसतो, हे अनेक मोठ्या पाहण्यांत आढळलं आहे. म्हणून जर्मनी आणि अमेरिकेत सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांना निकोटिनच्या पट्ट्या लावून पाहिल्या, तरी आजाराचा वेग मंदावला नाही. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या, तंबाखू चघळणाऱ्या कुणी या पाहणीचा आधार घेऊ नये म्हणून हे मुद्दाम लिहिलं. हळदीतलं कर्क्युमिन काचपात्रात अल्झायमरच्या गाठी विरघळवतं, पण खाल्ल्यावर त्याचा अगदी थोडा अंश रक्तात पोचतो आणि तोही यकृत लगेच बदलून टाकतं. 2012 मध्ये अल्झायमरच्या रुग्णांवर झालेल्या छोट्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही. 2018 मध्ये कॅलिफोर्नियात, आजार नसलेल्या 40 प्रौढांना दीड वर्ष सहज शोषलं जाणारं कर्क्युमिन दिलं, तेव्हा स्मृतीच्या कसोट्यांत सुधारणा दिसली. हे उत्साहवर्धक आहे आणि पुढे तपासायला हवं. पण हळदीच्या दुधाने हा आजार टळतो असं म्हणायला यातून आधार मिळत नाही. ब्राह्मीचंही तसंच. निरोगी माणसांत काही आठवडे घेतल्यावर आठवण थोडी सुधारल्याचे छोटे प्रयोग आहेत, आणि आजार रोखल्याचा एकही खात्रीचा पुरावा नाही.

वनस्पतींची द्रव्यं आपल्या चेतासंस्थेवर इतकी अचूक बसतात तरी कशी? माझ्या मते याचं उत्तर आपल्याशी संबंधित नाही. झाडाला पळता येत नाही. त्याला खाणाऱ्या किड्याला थोपवायला रसायनंच लागतात. किड्याच्या चेतासंस्थेतही डोपामाइन आहे, ॲसिटिलकोलीन आहे, तशीच दारं आणि तसेच वाहक आहेत. निकोटिन आणि कॅफीन किड्यांविरुद्धची शस्त्रं आहेत. खाजकुइलीच्या बीमधलं लेव्होडोपाही बी पोखरणाऱ्या किड्यांना रोखतं, आणि तिच्या मुळांतून झिरपून शेजारचं तण वाढू देत नाही. म्हणूनच अनेक देशांत शेतकरी तिच्या कमी खाजऱ्या जाती हिरवळीचं खत म्हणून लावतात. जे द्रव्य चेतापेशीत शिरायला बनलं आहे, ते आपल्याला उपयोगी पडेल की घातक ठरेल हे मात्रेवर आणि योगायोगावर अवलंबून असतं.

याचा दाखला आपल्या विदर्भात आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे धानाच्या बांधीत लाखोळी पेरतात. तीही खाजकुइलीसारखी शेंगवर्गीय, दुष्काळातही तग धरणारी. तिच्या दाण्यात ओडॅप नावाचं वेगळंच अमिनो आम्ल असतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी 1964 मध्ये ते वेगळं करून ओळखलं. हेही मज्जासंस्थेत शिरतं, पण ते ग्लुटामेट या संदेशवाहकाची नक्कल करून हालचाल चालवणाऱ्या पेशींना अतिउत्तेजित करतं. थोडी लाखोळी इतर अन्नाबरोबर खाल्ली तर सहसा बाधत नाही. दुष्काळात महिनोन्महिने तिच्यावरच जगावं लागलं, किंवा रीवा भागातल्या वेठबिगारांसारखी मजुरी म्हणून तीच पदरात पडली, तर पाय कायमचे लुळे पडतात. एका कुळातली दोन कडधान्यं, दोन अमिनो आम्लं. एक थिजलेल्याला चालवतं आणि दुसरं चालत्याला थिजवतं. 'नैसर्गिक आहे, अपाय तर होणार नाही' हे वाक्य ऐकलं की मला लाखोळी आठवते.

खाजकुइलीही निरुपद्रवी नाही. मोझांबिकमध्ये 1989 मध्ये अन्नटंचाईच्या काळात या बिया नीट न शिजवता खाल्ल्यामुळे दोनशेहून अधिक माणसांना भ्रम आणि मनोविकाराची लक्षणं झाली होती. मेंदूत डोपामाइन अति झालं की असं होतं.

म्हणून ज्यांच्या घरी कंपवाताचा रुग्ण आहे त्यांना एवढं सांगावंसं वाटतं की कवचबीजाचं चूर्ण म्हणजे औषधच आहे, तेच औषध जे गोळीत असतं. गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं तर मात्रा दुप्पट होऊ शकते आणि उठताना रक्तदाब घसरून पडणं, भास होणं, अंग अनावर हलणं हे सगळं संभवतं. बाजारातल्या पुड्यांत किती लेव्होडोपा आहे याचा भरवसा नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा एका मात्रेत ते दोन-चार मिलिग्रॅमपासून दोनशेहून अधिक मिलिग्रॅमपर्यंत काहीही निघालं. गोळ्या अचानक बंद करून चूर्णावर जाणं तर फारच धोक्याचं, कारण एकदम औषध तुटलं की अंग ताठरून तीव्र ताप येण्याची गंभीर अवस्था ओढवू शकते. चूर्ण घेत असाल तर लपवू नका. वैद्य आणि मज्जाविकारतज्ज्ञ दोघांनाही सांगा, किती चमचे आणि किती वाजता हेही सांगा, आणि प्रथिनांचं जेवण त्यापासून लांब ठेवा.